बंद कंपनीचा भोंगा

मित्रांनो, कानांवर हात ठेवा! मी एक जुना भोंगा आहे आणि हळू बोलणं मला जन्मात जमलेलं नाही.

ब्याऐंशी साली अंबरनाथच्या एका कारखान्याच्या छपरावर मला चढवलं. माझा आवाज पार बदलापूरच्या वेशीपर्यंत जाई! पाळी लागली, जेवणाची सुट्टी झाली, पाळी सुटली, सगळं मीच सांगायचो. कामगार सकाळी मला शिव्या घालत. घालू देत. शिव्या घालत का होईना, पळत तर यायचे!

समोरच्या चाळीत कारखान्यातले फिटर जयदेव राहत. त्यांची पत्नी कौसाबाई आणि मुलगी यशोधरा, म्हणजे आमची यशू. गोबरे गाल, मोठं पोट. बघणाऱ्याला वाटे, खात्यापित्या घरची पोर. पण तिला एक दुर्मीळ आजार होता. जेवणातली साखर शरीर साठवून ठेवतं आणि पोट रिकामं झालं की थोडी थोडी काढून देतं. यशूच्या शरीराला ती साठवता येई, काढता येत नसे. कोठार भरलेलं, पण दाराला कडी! उपाशी राहिली की तिला घाम फुटे, ग्लानी येई. कौसाबाईंचं पहिलं बाळ असंच गेलं होतं. तेव्हा लोक म्हणाले, नजर लागली. यशूच्या वेळी मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र समजावलं, "हे आईबाप दोघांच्या रक्तातून आलंय. दोष कोणाचाच नाही." मक्याचं कच्चं पीठ गार पाण्यात कालवून ठरल्या वेळी पाजायचं, हा उपाय त्यांनीच सांगितला. वेळ मात्र चुकवायची नाही.

दिवसा वेळ कोण सांगणार? मी! घरात घड्याळ होतं, पण घड्याळाकडे बघावं लागतं. मी आपण होऊन ओरडतो. मी वाजलो की यशू खेळ टाकून पिठाच्या बाटलीकडे धावे. विसरलीच तर अख्खी चाळ हाक मारी, "यशू, भोंगा झाला!" काय सांगू, माझी छाती फुगायची!

नव्वद साली कंपनीला टाळं लागलं. कामगार फाटकाबाहेर बसले. दुपार झाली तरी मला कोणी वाजवलंच नाही. कौसाबाई शिलाई मशीनवर होत्या. त्यांना वाटलं, अजून वेळ आहे. यशू शेजारच्या गयाबाईंच्या ओट्यावर खेळत होती. ती घामाघूम होऊन कलंडली, तेव्हा गयाबाईंनी झोप आली समजून तिला मांडीवर घेतलं. मी छपरावरून सगळं बघत होतो. ओरडायचं होतं, पण बटण दुसऱ्याच्या हाती! इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो.

शेवटी कौसाबाईंचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि त्या धावल्या. आधी चमच्याने साखरेचं पाणी, मग पीठ. यशूने डोळे उघडले, तशा त्या तिला कडेवर घेऊन थेट फाटकावर गेल्या. आत पहारेकरी धोंडिबा उभा होता.

"धोंडिबाभाऊ, भोंगा का नाय वाजवला?"

"वयनी, कंपनी बंद हाय. कोणाला बोलवू?"

"माझ्या पोरीला बोलवा!"

धोंडिबा खाली बघू लागला. "साहेब कामावरनं काढतील."

एरवी त्याला मालकाचा चमचा म्हणणारे कामगार एकदम ओरडले, "काढलं तर आमच्यात येऊन बस!"

धोंडिबाने बटण दाबलं. अहाहा! असा वाजलो, असा वाजलो, की कंपनी सुरू झाली समजून माणसं डबे घेऊन धावत आली! साहेबही गाडीतून आले. धोंडिबा शांतपणे म्हणाला, "रोज वाजवला नाय तर गंजंल, साहेब." टाळेबंदी उठेपर्यंत मी रोज वाजलो.

पुढे कारखाना कायमचा बंद झाला आणि मी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या भंगारच्या दुकानात पडलो. नव्व्याण्णव साली जयदेव तिथे काही सामान शोधायला आले. बरोबर यशू, आता नववीतली! त्यांनी मला लगेच ओळखलं.

सिंधी शेठ म्हणाले, "अरे भाई, पहले देखो तो, बजता है क्या!"

वायर जोडली आणि मी वाजलो! सगळा बाजार दचकला. यशू मात्र दचकली नाही. तिने सवयीने पिशवीतून बाटली काढून तोंडाला लावली आणि मग स्वतःच खो खो हसत सुटली.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही अशी एखादी यशू असेल. तिच्या बाटलीला हसू नका. तिची वेळ लक्षात ठेवा आणि वेळ झाली की हाक मारा, अगदी मोठ्याने. माझा आवाज दुसऱ्याच्या बटणावर होता. तुमचा तर तुमच्याकडेच आहे!