पानाचा शेंडा

जेवायला बसल्याबरोबर श्रीधररावांनी जाहीर केलं, की या घरात डावी बाजू वाढायची पद्धत बंद झालेली दिसते.

"लिंबू नाही, चटणी नाही, कोशिंबीर नाही. महागाई झाली असेल तर तसं सांगा. आम्ही मिठाशी जेवू."

लिंबू होतं. ओल्या खोबऱ्याची चटणी होती, काकडीची कोशिंबीर होती, वर कैरीच्या लोणच्याची फोडही होती. सगळं ताटात जिथं असायला हवं तिथंच, डाव्या कडेला. आणि ताटाच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर, स्वतः उल्काताई बसल्या होत्या. श्रीधररावांनी उजवीकडे मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हाक मारली, "अगं उल्का, आहेस कुठं?"

"इथंच आहे," उल्काताई शेजारच्या खुर्चीतून म्हणाल्या.

"मग समोर ये की. आतून काय ओरडतेस?"

चार महिन्यांपूर्वी श्रीधररावांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली, डावा पायही काठीच्या आधाराने उचलता येऊ लागला. डावा हात तेवढा अजून हट्टी होता. पण खरी गोम वेगळीच होती, आणि ती डॉक्टरांनी उल्काताईंना बाजूला घेऊन सांगितली होती. डोळ्यांना काही झालेलं नाही. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलाय, म्हणून डावीकडचं जग यांच्या हिशेबातच उरलेलं नाही. आणि ते उरलेलं नाही हेसुद्धा यांना कळत नाही.

आता हे कुणाला व्हावं? तर सदाशिव पेठेतल्या श्रीधर गोळ्यांना! उभा जन्म मुद्रितशोधक म्हणून काढलेला माणूस. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा यांनी पगार घेतला, आणि आता स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसेना. सकाळी दाढी केली तर उजव्या गालाची व्हायची. वर्तमानपत्रातल्या ओळी मधूनच वाचायला सुरुवात करायची, आणि मग हल्लीच्या संपादकांना वाक्य सुरू कुठून करायचं तेही ठाऊक नाही म्हणून त्यांचा उद्धार करायचा. पडलो तरी नाक वर, त्यातली गत. उल्काताई पहिल्यांदा ती अर्धी दाढी बघून खळखळून हसल्या होत्या आणि मग न्हाणीघरात जाऊन रडल्या होत्या.

कारण त्यांची जागा डावीकडची होती. लग्नात भटजींनी डावीकडे बसवलं ते त्या तिथंच राहिल्या. जेवायच्या टेबलाशी डावीकडे, पलंगावर डावीकडे, नाट्यगृहातल्या खुर्चीतही डावीकडे. लिंबाचटणीबरोबर आपणही नवऱ्याच्या जगातून पुसले गेलो, हे त्यांना फार लागलं होतं. माणूस रागावला तर समजूत घालता येते. पण ज्याच्या लेखी आपण खुर्चीत नाहीच, त्याची समजूत कशी घालायची?

मुलगा सौमित्र वाघोलीला राहायचा. रविवारी आला की तो सरळ बाबांच्या उजव्या हाताला बसायचा.

"आई, तूही इकडेच बस ना. उगाच कशाला तो हट्ट?"

"अक्षता नको म्हणाली आहे," उल्काताई सांगायच्या.

अक्षता गायकवाड ही त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या सेंटरमधली फिजिओथेरपिस्ट. गोड बोलायची, पण शब्दाला पक्की. "काकू, तुम्ही डावीकडेच बसायचं. डावीकडूनच बोलायचं. तुम्ही उजवीकडे गेलात तर काका डावीकडे वळतील कशाला? त्यांना शोधू द्या."

शोधण्यासाठी तिच्याकडे एक खेळ होता. डोळ्यांवर जाडजूड चष्म्यासारखं यंत्र चढवायचं, डाव्या हाताला पट्ट्याने एक लहानसा कंट्रोलर बांधायचा, की समोर पेरूची बाग उभी राहायची. हात हलवून पेरू तोडायचे. काकांना काय दिसतंय ते भिंतीवरच्या पडद्यावर बाकीच्यांनाही दिसायचं.

"या वयात पेरू चोरायला शिकवताय," श्रीधरराव म्हणाले. तरी तोडले. उजवीकडची झाडं साफ केली आणि हात खाली घेतला. "झालं. संपली बाग."

"काका, डावीकडे वळून बघा बरं."

"बघितलं. काही नाही."

पडद्यावर डावीकडची झाडं पेरूंनी वाकली होती. यंत्र उतरवल्यावर अक्षताने त्यांची खुर्ची डावीकडे फिरवून पडद्याची ती बाजू त्यांच्या उजव्या हाताला आणली आणि ती झाडं दाखवली. श्रीधररावांनी चष्मा पुसून निरखून पाहिलं.

"ही तुम्ही मागाहून लावलीत," ते म्हणाले.

त्या आठवड्यात उल्काताईंचा धीर सुटला. दुपारच्या जेवणाला त्या आपलं ताट उचलून सरळ उजवीकडे जाऊन बसल्या. श्रीधररावांचा चेहरा एकदम उजळला. "आलीस? बरं झालं. आमटी झकास झालीय हं." मग ते बोलतच राहिले. छापखान्यातल्या गमती, सौमित्रच्या लहानपणीच्या खोड्या. उल्काताई हसल्या, पोटभर जेवल्या. कितीतरी दिवसांनी नवरा भेटला होता. भांडी विसळताना मात्र त्यांच्या मनात आलं, की हे असंच चालू ठेवलं तर हे सुख आपल्याला पुरेल. मग ते कशाला वळतील, आणि मी तरी कशाला वळवीन? दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट पुन्हा डावीकडे ठेवलं. श्रीधररावांनी दाराकडे बघत विचारलं, "आज नाही का जेवायची?" उल्काताई जागच्या हलल्या नाहीत.

सेंटरवर गेल्यावर त्यांनी अक्षताला हे सगळं सांगितलं. लिंबाचटणीचं भांडणही सांगितलं. अक्षता ऐकता ऐकता थांबली.

"डावी बाजू म्हणजे? ताटाची?"

"अगं, मीठ मध्ये वर. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. आमच्याकडे गौरीजेवणाला केळीच्या पानांची पंगत असते ना, तिथं डावी बाजू हेच वाढायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा माझ्या भावाने लिंबाच्या जागी चटणी वाढली, तर त्याला सगळ्या पंगतीदेखत परत वाढायला लावली."

"काकांची सवय आहे ही?"

"सवय कसली, खोड आहे. जित्याची खोड."

अक्षता हसली आणि आतल्या खोलीत गेली. आत प्रज्ञेश बसायचा. सेंटरचे खेळ तोच तयार करायचा. पंधरवड्याने तो नवा खेळ घेऊन आला. त्याआधी त्याने उल्काताईंकडून घरच्या पंगतीचे फोटो मागून घेतले होते आणि कुठला पदार्थ कुठं ते दोनदा विचारून घेतलं होतं.

श्रीधररावांनी यंत्र चढवलं. पडद्यावर पाट आला, पाटापुढे केळीचं हिरवंगार पान. उजव्या हाताशी वाट्या मांडलेल्या.

"काका, पान वाढायचं," अक्षता म्हणाली. "डावी बाजू तुमच्याकडे."

"बरं. निदान कामाचं काही काढलंत." डावा हात थरथरत उठला. त्यांनी मिठाच्या वाटीला हात लावला आणि मीठ पानावर सोडलं. ते पडलं पानाच्या उजव्या अर्ध्यात, त्या अर्ध्याच्या बरोबर मध्यावर. मग लिंबाची फोड उचलली, मिठाच्या डावीकडे नेली, आणि हात हवेतच थांबला. उल्काताई पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"हे पान कुणी मांडलं?" श्रीधररावांचा आवाज चढला.

"का काका? काय झालं?"

"याचा शेंडा कुठाय?"

अक्षताला काही कळेना. तिने उल्काताईंकडे बघितलं.

"शेंडा, शेंडा! केळीचं पान मांडताना निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. पंगतीला बिनशेंड्याचं पान? जेवणाऱ्याचा अपमान आहे हा!"

"शेंडा आहे, काका," अक्षता हळूच म्हणाली. "पान अख्खं आहे. तुम्ही शोधा."

एरवी 'बघितलं, काही नाही' म्हणून मोकळा होणारा तो माणूस या वेळी तसं म्हणाला नाही. कारण बागेला दुसरी बाजू असलीच पाहिजे असा काही नियम नव्हता. पानाला शेंडा असलाच पाहिजे, हा होता. तो सापडेपर्यंत यांना चैन कसं पडणार? श्रीधररावांनी पानाची कड धरली आणि ते तिच्यावरून हात डावीकडे सरकवायला लागले. हात थांबला, कापला, पुन्हा सरकला. हातामागे नजर निघाली, नजरेमागे मान. पडद्यावरचं पान हळूहळू उलगडत गेलं, मधली शीर बारीक होत गेली, आणि अगदी टोकाला, किंचित फाटलेला, तो शेंडा आला.

श्रीधररावांच्या कपाळावर घाम आला होता.

"हा इथे आहे होय," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, "म्हणजे मीठ चुकलं माझं."

मी चुकलो, हे त्यांच्या तोंडून उल्काताईंनी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांनी तोंडाला पदर लावला. आनंदाने त्यांना अक्षरशः भरून आलं होतं. जित्याच्या खोडीला नावं ठेवण्यात जन्म गेला, आणि त्या खोडीनेच हात दिला.

म्हणून काही जादू झाली नाही. दुसऱ्या दिवशी दाढी पुन्हा अर्धीच झाली. पण श्रीधरराव आता शेंडा शोधायला लागले. वर्तमानपत्र हातात घेतलं की आधी डावी कड बोटाने चाचपायचे, मग ओळ वाचायचे. दारातून जाताना डाव्या चौकटीला हात लावायचे. सेंटरमध्ये पानांची रांगच्या रांग वाढायचे आणि प्रज्ञेशच्या चुका काढायचे. कोशिंबीर फार पातळ दिसते, ती चटणीत वाहून जाईल, हा त्यांचा कायमचा शेरा. एकदा त्यांनी संपादकांनाही माफ करून टाकलं. वाक्यं पहिल्यासारखी सुरू होऊ लागली आहेत, म्हणाले.

ताटातली चटणी संपायला लागली. उल्काताईंना त्याचं समाधान होतं. तरी ताटाच्या पलीकडे, त्यांच्या खुर्चीपर्यंत, नजर काही येत नव्हती. त्यांनी आता वाट बघणंही कमी केलं होतं. स्वतःच्या ताटात वरणभात कालवायचा आणि चार घास उरकायचे.

अशाच एका दुपारी श्रीधररावांनी चटणी बोटाने पुसून खाल्ली, ताटाची डावी कड चाचपली आणि हात तसाच पुढे सरकला. टेबलावरून, पाण्याच्या भांड्याला वळसा घालून, दुसऱ्या एका ताटाच्या कडेला लागला. हात थबकला. त्यांनी मान वळवली. आणखी वळवली.

श्रीधररावांनी आधी ताट पाहिलं. मग ताटामागची बायको पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तू केव्हा येऊन बसलीस?"

"लग्न झाल्यापासून इथंच बसते," उल्काताई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

"वाळलीस किती," ते म्हणाले. मग नजर खाली ताटाकडे गेली आणि कपाळाला आठी पडली. "आणि हे काय पान आहे? लिंबू नाही, चटणी नाही, नुसतं मीठ. कुणी वाढलं तुला?"

"मीच."

"कळतंय."

त्यांनी टेबलावरच्या वाटीतून लिंबाची फोड उचलली. डाव्या हाताने. ती बोटांतून एकदा निसटली, टेबलावर पडली. उल्काताई मदतीला पुढे झाल्या तशी त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पुन्हा उचलली, कापत कापत ती डावीकडे नेली, आणि बायकोच्या ताटात, मिठाच्या डाव्या अंगाला, जिथं असायला हवी तिथं ठेवली.

"हं," श्रीधरराव म्हणाले. "आता जेव."