रसिकरावांच्या खुर्चीची वीण

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. माझे वय विचारू नका. माझ्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते, त्यावरून काय ते समजा.

एका सुताराने मला घडवले, तेव्हा माझ्या बैठकीला साधी जाळी होती. कागद गिरणीच्या एका मालकांनी मला विकत घेतले. त्यांना चित्रांचे, गाण्याचे भारी वेड. कुणा चित्रकाराला राहायला खोली दे, कुणा गायिकेचा पहिला कार्यक्रम ठरव, असे त्यांचे सतत चाललेले असे. लोक त्यांना रसिकराव म्हणत आणि ते त्यांना मनापासून आवडे.

घरी येणारा प्रत्येक कलावंत माझ्यावर बसे. एका शिल्पकाराने माझ्या हातांना माती फासली, तर एका वजनदार गायकाने माझी बैठक दोनदा फाडली. मग बाई, म्हणजे रसिकरावांच्या पत्नी, मला मागच्या व्हरांड्यात नेत, वेताच्या पट्ट्या बादलीत भिजवत आणि तीन-चार दुपारी विणत बसत. साधी जाळी काही त्यांना पटेना. त्यांनी गडद पट्ट्या घेऊन कडेने पाने विणली. पुढच्या खेपेला पानांत पक्षी आला. मात्र कुणी बसले की पक्षी झाकला जाई, हा माझ्या धंद्याचाच दोष.

रसिकराव सत्तरीचे झाले, तेव्हा एका मासिकाची तरुण बातमीदार त्यांची मुलाखत घ्यायला आली. माझ्यावर बसून ते छानच बोलले. "सुचणं कुणाच्या हातात नसतं," ते म्हणाले, "पण सुचलेलं बघायला कुणीतरी हजर लागतं. आणि संस्कृती म्हणजे काही मोठ्या इमारती नव्हेत. रोजच्या वापरातली वस्तूसुद्धा सुंदर करावीशी वाटणं, ती संस्कृती."

"घरात आणखी कुणाला कलेची आवड आहे?" तिने विचारले.

"छे, मी एकटाच! हिला यातलं काही कळत नाही."

बाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी चहा ठेवला, साखर किती ते विचारले आणि त्या आत गेल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला फार वाईट वाटले.

मुलाखत छापून आली आणि त्याच आठवड्यात माझी बैठक कडेने उसवली.

"अगं, ही खुर्ची तेवढी विणून टाक," रसिकराव म्हणाले.

"मला यातलं कळत नाही. कळणाऱ्याला बोलवा," बाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या.

चार महिने मी अडगळीच्या खोलीत रद्दीखाली पडून होते. शेवटी रसिकरावांनी खुर्च्या विणणारा एक कारागीर आणला. त्याने मला उजेडात धरले आणि बराच वेळ बघितले.

"हे सगळं कापून साधी जाळी घालून देतो," तो म्हणाला. "पण हा पक्षी विणला कुणी? चाळीस वर्षं हेच काम करतोय मी. मला नाही जमायचा."

त्याच्या हातातली कात्री बघून माझे धाबे दणाणले. रसिकराव चष्मा पुसून खाली वाकले. इतकी वर्षे ते त्या पक्ष्यावरच बसत आले होते.

"कापू नका," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. "अगं, मासिकात चुकीचं छापून आलंय. चूक माझी आहे. मी कधी बघितलंच नाही."

बाईंनी हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "पट्ट्या भिजत घाला आधी. कोरडा वेत वाकवला की तुटतो."

रसिकरावांनी बादली भरली आणि निम्मे पाणी फरशीवर सांडले. चार दुपारी ते शेजारी बसून पट्ट्या कापून देत होते. त्यातल्या निम्म्या आखूड निघाल्या. बाईंनी त्या निमूटपणे बाजूला ठेवल्या.

मित्रांनो, वेताची खुर्ची उन्हात टाकू नका, अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा आणि उठल्यावर एकदा वळून तिच्याकडे बघत जा. माझे मागणे एवढेच.

वीण पुरी झाली त्या संध्याकाळी एक नामवंत चित्रकार आले. रसिकरावांनी त्यांना स्टूल दिले आणि बाईंना माझ्यावर बसवले. बाईंचे हात मला तीस वर्षांपासून ठाऊक होते. त्यांचे वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.