दोन पायांचे टेबल

खुर्ची बाईंनी दोनदा मोजली. जमिनीपासून पाठीच्या टोकापर्यंत दोन्ही वेळा अडीच इंचच भरले. मग त्यांनी त्याच टेपने जेवणघरातली खरी खुर्ची मोजली; ती तीन फूट होती. बैठक, रुंदी, पायांची जाडी, सारे फुटाला इंच या प्रमाणात चोख उतरले होते. पाठीत तेवढा अर्धा इंच कमी पडला होता.

"आखूड आहे," बाई म्हणाल्या. घरात ऐकायला कोणी नव्हते. पण मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे शिवण शिकवलेल्या बाईंना बोलायला समोर कोणी लागत नसे.

तळहातावर मावणारी ती खुर्ची वरच्या मजल्यावरून आली होती, धुतलेल्या डब्यातून. पाठवणारी होती बाईंची धाकटी जाऊ. दोघींमध्ये एक जिना होता आणि अकरा वर्षांचा अबोला.

महामारीने रस्ते ओस पाडले, दुकानांची दारे ओढून घेतली आणि स्वयंसेवक दर आठवड्याला फाटकापाशी किराणा ठेवून जाऊ लागले. एका घराला एक पिशवी. या घरात वर-खाली दोन स्वयंपाकघरे आहेत, हे त्यांना सांगायला बाई गेल्या नाहीत; घरातले बाहेर सांगायची त्यांना सवय नव्हती. त्यात धाकटीला जुना दमा. बाईंच्या लेकीने परदेशातून फोनवर बजावले होते की काकूला जिना उतरू द्यायचा नाही, म्हणजे नाही. तेव्हा बाई दोघींचा स्वयंपाक करू लागल्या. वरच्या गॅलरीतून कप्पीवरून एक दोरी खाली सोडलेली होती, तिला टोपली. बाई टोपलीत डबा ठेवत, दोरीला दोन हिसके देत आणि वर न पाहता आत जात.

त्यांच्या सासूबाईंचा एक दंडक होता: दुसऱ्याचे भांडे रिकामे परत जायचे नाही. धाकटीकडे डब्यात घालायला काही नव्हते. वेळ घालवायला ती काड्या आणि पुठ्ठ्यांची चिमुकली घरे करी, एवढे बाईंना लेकीकडून ठाऊक होते. म्हणून डब्यातून खुर्ची आली.

बाईंनी खाकी कागदाची पट्टी कापली, तिच्यावर पेन्सिलीने '३' एवढाच आकडा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी जेवणासोबत खुर्ची परत वर धाडली. तिसऱ्या दिवशी खुर्ची आली ती बरोबर तीन इंचांची. जोड कुठे दिला तो बाईंच्या कसबी नजरेलाही सापडेना.

"हं," बाई म्हणाल्या. शाळेत हे 'हं' मिळवायला मुलींना वर्ष वर्ष लागत असे.

मग वस्तू येतच राहिल्या. आणखी तीन खुर्च्या आल्या, स्टूल आले. जाळीचे कपाट आले, त्याला जुन्या चहाच्या गाळणीची जाळी होती. भिंतीवरचे घड्याळ आले. त्यात सव्वासात वाजले होते, पूर्वी हे घर जेवायला बसे ती वेळ. शिवणयंत्र आले आणि त्याचे चाक बोटाने चक्क फिरले, तेव्हा बाई खुदकन हसल्या आणि लगेच इकडेतिकडे पाहून गप्प झाल्या. वाटणी होण्यापूर्वीचे त्यांचे एकत्र जेवणघर धाकटी एकेक करून खाली पाठवत होती. बाई प्रत्येक वस्तू मोजत. चुकली तर आकडा लिहून परत, बरोबर असली तर खिडकीच्या फळीवर तिच्या जागी. दोघींनी अकरा वर्षांत एकमेकींशी एवढे बोलणे केले नव्हते.

लेकीने एकदा फोनच्या पडद्यावर ती फळी पाहिली.

"आई, हे काय गं? भातुकली मांडलीस?"

"मांडली. तुला काय त्याचं?"

"काकूनं केलंय ना? मग चांगलं झालंय म्हणून सांग तिला. खिडकीतून हाक मार, तेवढंच तर आहे."

"तिला तोंड नाही वाटतं?"

लेकीने विषय सोडून दिला. आई आणि भिंत यांतल्या भिंतीशी बोलणे सोपे, असे ती लहानपणापासून म्हणत असे.

पण बाईंनी मनाशी ठरवून टाकले होते. फळीवर मधोमध एक जागा मोकळी होती. तिथे टेबल यायचे. टेबल आले की हाक मारायची. काय म्हणायचे तेही ठरले होते, जास्त काही नाही: "धाकटे, टेबल आलं गं."

कारण सारे बिनसले होते ते त्या टेबलावरूनच. ते सासऱ्यांनी करवून घेतलेले, जाड लाकडाचे, मधोमध खण असलेले टेबल होते. बाईंचे यजमान गेले त्याच वर्षी दिरांनी हळूच विषय काढला, की वहिनी, आता स्वयंपाक वेगळा केला तर तुमचीही दगदग कमी होईल. यामागे धाकटीची फूस आहे, असे बाई धरून चालल्या. विचारले मात्र कधी नाही. वेगळे तर सगळेच वेगळे, म्हणून त्यांनी सुतार बोलावला आणि टेबलावर बोट ठेवून "मधोमध काप" म्हणून सांगितले.

"वहिनी, टेबल तेवढं राहू द्या," धाकटी रडत म्हणाली होती. "तुम्हीच ठेवा हवं तर."

"मला कुणाचं नको. अर्धं तुझं, अर्धं माझं."

एवढे बोलून बाई खोलीत गेल्या आणि करवतीचा आवाज थांबेपर्यंत दार लावून बसल्या. बाहेर आल्या तेव्हा धाकटीचा तुकडा वर गेला होता. त्यांचा तुकडा दोन पायांवर उभा राहीना, म्हणून सुताराने तो भिंतीला ठोकून दिला होता. त्या दिवसापासून बाई भिंतीकडे तोंड करून जेवत आल्या. त्यांनी वरचा जिना पुन्हा चढला नाही. दीर गेले तेव्हाही त्या अंगणात उभ्या राहिल्या.

टेबल आले ते टाळेबंदीच्या नव्वदाव्या दिवशी, जुन्या मऊ कापडात गुंडाळलेले. बाईंनी हात धुतले, चष्मा पुसला आणि कापड उलगडले. अखंड टेबल, चार पाय, मध्ये नखाने ओढता येईल असा खण. हाक ओठांवर होती. पण हातांना सवय होती. हातांनी टेप उचलला.

लांबी सहा इंच.

बाईंनी आपला तुकडा मोजला. साडेतीन फूट. दुप्पट सात. सातच हवे. पुन्हा मोजले. एक इंच म्हणजे अख्खा एक फूट कमी. एक ताट मावेल एवढी जागा. खुर्चीच्या पाठीत अर्धा इंच चुकणे वेगळे. या टेबलाच्या बाबतीत धाकटी चुकेल कशी? हिला ते आठवतसुद्धा नाही, की मुद्दामच आणखी एकदा कापून पाठवले? ओठांवरची हाक मागे फिरली. बाईंनी पट्टीवर '७' लिहिले, टेबल कापडात गुंडाळले, डब्याशेजारी ठेवले आणि दोरीला दोन हिसके दिले. नेहमीपेक्षा जरा जोरातच.

त्यानंतर चार दिवस डबा रिकामा आला. पहिल्या दिवशी बाईंना राग आला, दुसऱ्या दिवशी जास्त आला. तिसऱ्या दिवशी वरून खोकला ऐकू आला आणि चौथ्या दिवशी डब्यातले निम्मे जेवण तसेच परत आले. पाचव्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला: काकूला श्वास लागतोय, मी इथूनच गाडी बोलावली आहे, तू खिडक्या लावून घे आणि बाहेर येऊ नकोस.

पांढऱ्या पोशाखातली दोन माणसे धाकटीला जिन्यावरून उतरवून घेऊन आली. बाई बंद काचेआड उभ्या होत्या. किती वाळली होती ती. तोंडावर मास्क होता. ओळखू आले ते डोळे आणि एका बाजूला तिरका पडणारा भांग. खिडकीसमोर येताच धाकटी थांबली. तिने उजवा हात वर केला आणि अंगठा व तर्जनी एकमेकांजवळ आणून मधे थोडे अंतर ठेवले.

एक इंच. एवढाच राहिला आहे, होत आलं.

बाईंनी मान डोलावली. काच उघडली नाही. माणसांनी धाकटीला गाडीत चढवले.

इस्पितळात कोणाला जाऊ देत नव्हते. रोज सकाळी अकरा वाजता वॉर्डातली सिस्टर फोन करी आणि बाई तिला ताप किती, ऑक्सिजन किती, जेवण किती, असे आकडे विचारत. ते खाकी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून खणात ठेवत. आठव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "आजी, मी फोन त्यांच्या कानाशी धरते. बोला काहीतरी."

"तिला बोलता येतंय?"

"नाही. पण ऐकू येतं हो. तुमचीच वाट बघताहेत असं मला वाटतं."

फोनमधून नुसता यंत्राचा आवाज येऊ लागला. बाई त्या अर्ध्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. एकतीस वर्षे चाळीस-चाळीस मुलींसमोर न अडखळलेली जीभ टाळूला चिकटली.

"धाकटे," त्या म्हणाल्या. त्यांनी खण ओढला आणि परत लावला. "टेबलाची घाई नाही हं. सावकाश कर."

सिस्टरने फोन परत घेतला आणि सांगितले की त्यांनी डोळे उघडले होते.

दुसऱ्या दिवशी फोन अकराच्या आधी आला.

घरी काही आणले नाही. चौघांचे खांदे नाहीत, शेवटचे तोंड पाहणे नाही. लेकीने परदेशात बसून एका अर्जाच्या कागदावर नाते लिहिले आणि सगळे उरकले. नगरपालिकेच्या माणसांनी वरच्या मजल्यावर फवारणी केली, दाराला चिकटपट्टी लावली आणि पंधरा दिवसांनी येऊन काढली. जाताना त्यांनी किल्ली बाईंच्या हातावर ठेवली.

बाई जिना चढल्या. बावीस पायऱ्यांत त्या तीनदा दम खायला थांबल्या.

धाकटीचे घर नीटनेटके होते. खिडकीशी भिंतीला ठोकलेला टेबलाचा दुसरा तुकडा होता, दोन पायांचा. त्याच्यावर करवतीचे पाते, डिंक, काड्या, आणि टाचणीने एकत्र टोचून ठेवलेल्या खाकी पट्ट्या. बाईंचे सारे आकडे, शाळेत कागदी नमुने ठेवतात तसे क्रमाने लावलेले. सर्वांत वर '७'.

त्यांचे लक्ष पट्ट्यांवरून तुकड्याकडे गेले. काहीतरी खटकले. शिवणाच्या बाईंना कापडाची घडी मधोमध पडली नाही तर दुरून दिसते, तसे. त्यांनी कमरेला खोचलेला टेप काढला.

अडीच फूट.

त्यांनी दुसऱ्या कडेने मोजले. अडीचच.

साडेतीन आणि अडीच. सहा.

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. सुताराने मधोमध करवत लावली असती तर खणाचे दोन तुकडे झाले असते. पण खण तर अखंड होता; खाली, त्यांच्या तुकड्याला. अकरा वर्षे त्या रोज सकाळी तो ओढून कात्री काढत आल्या, आणि मधोमध कापलेल्या टेबलाला अख्खा खण राहिला कसा, हे एकदाही त्यांच्या मनात आले नव्हते. त्या दिवशी, त्या दार लावून आत बसल्या असताना, बाहेर कोणीतरी सुताराला अलीकडे सरकून कापायला सांगितले होते. कात्रीटेप ठेवायला वहिनींना खण लागतो, हे ज्याला ठाऊक होते अशा कोणीतरी. आणि अर्धा फूट कमी घेऊन मुकाट वर निघून गेले होते.

पाठवलेले टेबल बरोबर होते. पहिल्याच खेपेला बरोबर होते.

ते आता खिडकीच्या कडेला होते. धाकटीने ते एका टोकाला कापून त्याला इंचभर फळी जोडली होती आणि डिंक धरेपर्यंत कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून ठेवले होते. तापातच केलेले असणार. जोड किंचित वाकडा होता. सात इंच. वहिनींनी सात म्हटले होते.

बाईंनी चिमटे काढले. डिंक कधीच वाळला होता. करवतीचे पाते हाताशी होते, त्याच्याकडे त्यांनी पाहिले आणि ते पाठीमागे सारून ठेवले. मग टेबल मऊ कापडात गुंडाळून त्या गॅलरीत गेल्या, ते टोपलीत ठेवले आणि धाकटी सोडत असे तशी, एका हातामागून दुसरा हात सरकवत, दोरी हळूहळू खाली सोडली. दोरी कठड्याला बांधली. बावीस पायऱ्या उतरल्या. अंगणात येऊन त्यांनी दोन्ही हातांनी टेबल बाहेर काढले आणि मान वर केली.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "टेबल आलं गं."

आत जाऊन त्यांनी ते फळीवर मधोमध मांडले. मोजले नाही. चार खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून सरकवल्या. मग खण ओढून एक खाकी पट्टी कापली आणि तिच्यावर '६' लिहिले. पेन्सील तशीच कागदावर टेकून राहिली. थोड्या वेळाने आकड्याखाली त्यांनी, वहीत लिहावे तशा वळणदार अक्षरात, आणखी दोन शब्द लिहिले: चूक माझी.

पट्टी टोपलीत ठेवली. वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर टेपची गुंडाळी ठेवली. दोरीला दोन हिसके दिले आणि या खेपेला बाई आत गेल्या नाहीत. वर पाहत उभ्या राहिल्या.