अठरा मिनिटांतली चूक

ताईला एकही सिनेमा आवडत नसे, आणि ती एकही सोडत नसे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून भिंगं तपासायची, ओरखडा दिसला की परत पाठवायची, आणि घरी आल्यावर तेच काम पडद्यावर करायची. नायकाची जखम डाव्या भुवईवरून उजव्या भुवईवर गेली, हिने पकडली. पेशंटला सलाइन लावलंय पण नळीचा चाप बंद, हिने पकडलं. मोबाइलवर ‘भिंग’ या नावाने ती या चुका आकडे घालून टाकायची आणि साडेचार हजार माणसं त्या चवीचवीने वाचायची. कौतुकाचा शब्द लिहायचा म्हटलं की हिच्या अंगावर काटा यायचा. बड्या नटांचे सिनेमे म्हणजे नुसता भपका, आणि फुकटात काढलेले सिनेमे त्याहून वाईट. ‘पैसे नव्हते, समजून घ्या, म्हणतात. पैसे नव्हते हे दिसलंच. अक्कल कुठे गेली होती?’ असं तिने एकदा लिहिलं, आणि ते फार गाजलं.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने सिनेमा काढलाय हे कळल्यावर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अठरा मिनिटांचा सिनेमा, तोही मोबाइलवर काढलेला. ऑफिसातल्या चाकांच्या खुर्चीवर हा बसणार आणि लिफ्टवाला मित्र मागून ढकलणार, हा यांचा कॅमेऱ्याचा गाडा. आवाज घुमू नये म्हणून रजईत डोकं खुपसून संवाद बोलायचे. ताईने ठरवूनच टाकलं की याची सालटी काढायची. मग सिनेमा कशावर आहे ते कळलं.

सिनेमा आईच्या पडण्यावर होता.

चार वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळलेली होती. धाकट्याने तिच्या उशाशी एक बटण लावून दिलं होतं. बटण दाबलं की मधल्या खोलीतली बेल वाजायची. बेलचे दोन सेल दर महिन्याच्या एक तारखेला तोच बदलायचा, आणि आणायचा ते नेहमी निळे. एका दुपारी ताई टीव्हीवर सिनेमा बघत होती आणि ऐन मध्यात रिमोट बंद पडला. तिने बेलमधले सेल काढून रिमोटमध्ये घातले, रिमोटमधले संपलेले लाल सेल बेलमध्ये घालून ठेवले, आणि सिनेमा झाला की परत बदलू म्हणाली. आईने बटण दाबलं असणार. कितीदा, ते देव जाणे. कुणी येईना म्हणून ती स्वतःच उठली, पडली, खुबा मोडला आणि दहाव्या दिवशी गेली.

ताईने सांगितलं, माझा जरा डोळा लागला होता, आणि बेल वाजलीच नाही, सेल संपले होते. सगळ्यांनी बटण दाबून पाहिलं. खरंच वाजत नव्हती. त्याच संध्याकाळी तिने बेल उपटून कचऱ्यात टाकली, ती आतून कुणी पाहिलीच नाही. खापर धाकट्याच्या डोक्यावर फुटलं. मी बदलले होते, असं तो पहिले काही महिने सांगत राहिला. नंतर सांगेनासा झाला. जुनेही निळे, नवेही निळे. आपण जुनेच परत घातले असतील, असं त्याचं त्यालाच वाटायला लागलं. मावशी तर त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या ताईला आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नव्हतं असं नाही. रोज दिसत होतं, आणि ती रोज गप्प बसत होती.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चादर ताणून सिनेमा दाखवला. चाळीस खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. ताई मावशीला घेऊन दुसऱ्या रांगेत बसली, मांडीवर वही उघडून. पहिल्या पाच मिनिटांत तिला कळलं की आज अवघड आहे. आईचं काम एका निवृत्त शिक्षिकेने केलं होतं आणि तिचा चष्मासुद्धा आईच्या नंबरचा होता. काचेची कड पाहूनच ताईने ओळखलं. औषधाच्या बाटलीतलं औषध दिवसागणिक बरोबर उतरत होतं. सिनेमातली मुलगी थकून झोपलेली दाखवली होती, तिच्या अंगावर पांघरूणही होतं. इतकं चांगलं दाखवल्याचाच ताईला राग आला. शेवटी मुलगा बेल उघडतो, निळे सेल हातात घेतो आणि खाली बसतो. हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. मावशी पदराने डोळे पुसत होती. याच मावशीने चार वर्षं याचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता हिला याचीच दया येत होती. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवे लागले. धाकटा पुढे येऊन उभा राहिला, लाजत चार वाक्यं बोलला, आणि म्हणाला की यातली वस्तू न् वस्तू खरी आहे, माझ्या ताईलाही यात चूक सापडायची नाही. लोक हसून मागे वळले. तिला वाचणारा कुणीतरी मागून ओरडला, काय भिंग, आज वही कोरी का?

वही कोरीच होती. ताई उभी राहिली.

“सेल चुकलेत,” ती म्हणाली. “निळे दाखवलेत. लाल होते.”

धाकट्याने मान हलवली. तो अजून सिनेमाबद्दलच बोलत होता. “नाही ताई, मी निळेच आणायचो. कायम.”

“तू काय आणायचास ते नको सांगूस. बेलमध्ये लाल होते. मी स्वतः...”

ती थांबली, पण उशीर झाला होता. लोकांना काहीच कळलं नव्हतं. दिग्दर्शकाची चूक निघाली म्हणून दोघंतिघं हसलेसुद्धा. धाकटा मात्र तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. हिशेब जुळत नसताना माणूस बघतो तसा तो बघत होता.

“लाल तर रिमोटमध्ये असायचे,” तो म्हणाला. मग हळूच, “म्हणजे मी बदलले होते.”

ताईच्या शेजारच्या खुर्चीतली मावशी उठली, माणसांचे गुडघे ओलांडत रांगेच्या बाहेर गेली आणि धाकट्याजवळ जाऊन उभी राहिली. तिने नुसता त्याचा दंड धरला.

“मी बदलले होते, मावशी,” तो तिला म्हणाला. नंतर ताईकडे वळला. “तू झोपली नव्हतीस. सिनेमा बघत होतीस.”

ताईने मान डोलावली.

“कुठला?”

तिने नाव सांगितलं. हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिलेला सिनेमा होता तो.

“कसा होता?”

“भिकार,” ताई म्हणाली. खोटं बोलायला तिला आता जमेना.

“मग मध्येच का नाही उठलीस?” धाकट्याने विचारलं.