सासूबाईंना 'तू'

सकाळपासून वहिनींचा पाय एका जागी ठरत नव्हता. मेकअपच्या खुर्चीत बसायच्या, उठायच्या, खिडकीशी जायच्या, परत यायच्या. केस बांधणारी बाई हातात पिना धरून त्यांच्या मागे मागे फिरत होती. शेवटी ती म्हणाली, "वहिनी, मी पायाला चाकं लावून घेऊ का?"

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. पण चौदा वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला त्या थोरली सून होऊन लोकांच्या घरात जात होत्या. त्यामुळे भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनीच होत्या. एवढ्या वर्षांत मालिकेत त्यांची स्मृती दोनदा गेली, एकदा त्यांना जिन्यावरून ढकललं, नवऱ्याचं काम करणारा नट तिसऱ्यांदा बदलला. वहिनी मात्र त्याच. खरा नवरा लेक आठ वर्षांची असताना गेला होता, आणि हे काम त्यानंतर मिळालं. देवानं दिलेलं म्हणून त्यांनी ते धरलं आणि मनाशी एक नेम केला. काम संपल्याची हाक आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तापातसुद्धा तो मोडला नव्हता.

आज लेक दूरच्या गावी नोकरीला निघाली होती. तीनची गाडी.

काल संध्याकाळी ती बॅग भरत असताना वहिनी तिच्यापाशी गेल्या, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, तुझ्या पंखांना माझी माया कधी आड येणार नाही."

लेकीनं मान वर केली. "आई, हे तू मागच्या महिन्यात नणंदेला म्हणालीस. तेव्हाही डावाच हात होता."

"अगं, पण मला मनापासून वाटतंय ते."

"वाटत असेल गं. पण मला कसं कळायचं?" असं म्हणून तिनं बॅगेची चेन ओढली.

तेव्हापासून वहिनींच्या जिवाला चैन नव्हतं. स्टँडवर जायचं आणि लेकीशी एक तरी वाक्य स्वतःचं बोलायचं, एवढंच त्यांना हवं होतं. ते वाक्यच सापडत नव्हतं. दात घासताना शोधलं, रिक्षात शोधलं. जे सुचायचं ते कुठल्या ना कुठल्या भागात बोलून झालेलं असायचं.

त्यात आज शूटिंग केलेलं आजच दाखवायचं होतं. हाताशी भागच शिल्लक नव्हते. दिग्दर्शक म्हणाला, "वहिनी, दीडला सोडतो तुम्हाला. शब्द देतो."

"तुमच्या शब्दावर मी म्हातारी झाले," मालिकेतल्या सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. त्यांना आज आजारी पडायचं होतं, म्हणून त्या तासभर आधीच आडव्या झाल्या होत्या.

वहिनींनी आपला मोबाइल मिठूकडे दिला. "लेकीचं काही आलं तर लगेच सांगायचं हं. लगेच."

मिठू म्हणजे पन्नाशीचा, जाड चष्म्याचा गृहस्थ. पानं रोज सकाळी लिहून यायची, पाठ करायला वेळ कुणाला? म्हणून मिठू कॅमेऱ्याखाली स्टुलावर बसून एकेक वाक्य हळू आवाजात पुरवायचा, आणि नटमंडळी ते रंगवून बोलायची. त्याची कुजबुज मागाहून पुसून टाकत. सगळे त्याला मिठू म्हणून चिडवत, तेव्हा तो शांतपणे म्हणे, "पुन्हा पुन्हा बोलता तुम्ही, आणि पोपट मी?"

सव्वा वाजता कॅमेरा सुरू झाला.

"औषध घेतलंत का तुम्ही?" मिठू कुजबुजला.

"औषध घेतलंत का तुम्ही?" वहिनी सासूबाईंना म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि मन स्टँडवर फिरत राहिलं.

"मला तुझं औषध नको," सासूबाईंनी तोंड फिरवलं.

मिठूच्या हातातला मोबाइल थरथरला. त्याला वाटलं, कॅमेरा आता सासूबाईंवर आहे. तो पुढे वाकला आणि निरोप वाचला, नेहमीच्याच आवाजात, कारण हळू बोलायचा दुसरा आवाज त्याच्यापाशी नव्हताच. "दोनची गाडी मिळाली. निघते मी. तू येऊ नकोस."

वहिनींनी पलंगाचा कठडा घट्ट धरला. "दोनची गाडी मिळाली," त्या म्हणाल्या. आवाज अर्ध्यावर चिरला. "निघते मी. तू येऊ नकोस."

सासूबाई ताडकन उठून बसल्या. पण मुरलेली बाई ती, हातचा प्रसंग सोडते होय? "तू?" त्या म्हणाल्या. "मला तू म्हणालीस?"

"कट!" दिग्दर्शक खुर्चीवरून उडालाच. "चौदा वर्षांत पहिल्यांदा! वहिनींनी सासूला तू म्हटलं! अरे, लेखकाला फोन लावा, पुढचा अख्खा आठवडा आपण यावर काढू. मिठू, हे पान कधी आलं?"

मिठूनं चष्मा काढला.

"मिठूभाऊ," वहिनींनी विचारलं, "हे कुणाचं वाक्य?"

"तुमच्या लेकीचं, वहिनी. मला वाटलं, तुमच्यावर कॅमेरा नाही. चुकलंच माझं."

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक पंचवीस. 'तू येऊ नकोस' हे तीन शब्द अजून त्यांच्या जिभेवर होते. लेकीनं काय गिळून लिहिले असतील, ते त्यांना लेकीच्याच जागी उभं राहून कळलं होतं.

"एकदा फक्त चेहऱ्यावर घेऊ," दिग्दर्शक म्हणाला. "तेच, तसंच. चिरलेल्या आवाजात. मग सुटलात तुम्ही."

दिवे हलवायला वीस मिनिटं गेली. वहिनी जागच्या जागी या पायावरून त्या पायावर होत राहिल्या. कॅमेरा सुरू झाला. मिठूनं मान खाली घालून वाक्य पुरवलं.

"दोनची गाडी मिळाली," वहिनी म्हणाल्या. "निघते मी."

आणि त्या निघाल्या. पलंगाला वळसा घातला, नकली दारातून बाहेर पडल्या, मग खऱ्या दारातून.

"होल्ड," मागे दिग्दर्शक आनंदानं कुजबुजत होता. "कोणी हलू नका. परत येतील त्या."

"येत नाही ती आता," सासूबाई म्हणाल्या आणि उशी नीट करून पुन्हा आडव्या झाल्या.

स्टँडवर वहिनी भरजरी पोशाखात धावत होत्या. "वहिनी, त्या सासूला सोडू नका हं!" कुणीतरी ओरडलं. कुणी मोबाइल काढला. त्यांनी एकेक गाडीची खिडकी पाहिली. पाचव्या गाडीत लेक होती. इंजिन सुरू झालं होतं. त्या तशाच वर चढल्या.

"येऊ नकोस म्हटलं होतं ना?" लेक म्हणाली. तिनं कपड्यांकडे पाहिलं. "आणि हे असं?"

वहिनींना धाप लागली होती. डोकं कोरं होतं.

"बोल की मग."

"काय बोलू? काही सुचत नाहीये मला." त्यांनी दांडा धरला. "राग आलाय तुझा. तीनची सांगतेस आणि दोनची धरतेस? एका ओळीचा निरोप? परक्याला पाठवतात तसा? माया आड येणार नाही वगैरे खोटं होतं सगळं. येणार. तू जाऊच नयेस असं वाटतंय मला. नोकरी तिथे नसती मिळाली तर बरं झालं असतं, असं काल दिवाबत्तीच्या वेळी मी देवापुढेसुद्धा म्हणाले. लाज वाटली मग."

लेकीचा आवाज चढला. "मी नापास व्हावं म्हणून देवाला सांगितलंस?"

"नापास नाही गं. जागा भरलेली निघावी."

"वा! म्हणजे फारच फरक!"

"फरक आहेच!"

गाडी हलली. लेकीनं मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि शेजारची जागा मोकळी केली. वहिनी बसल्या. दोघी भांडत राहिल्या, दोनच्या गाडीवरून, न उचललेल्या फोनांवरून, आत्याकडे काढलेल्या सुट्ट्यांवरून. मधेच लेक रडली, मधेच वहिनी.

नाक्यावर कंडक्टरनं घंटी ओढली. "वहिनी, उतरता ना?"

"थांबा जरा," वहिनी नाक पुसत म्हणाल्या. "माझं बोलून झालं नाही अजून."

"जाऊ द्या हो गाडी," लेक म्हणाली. "ती पुढच्या थांब्याला उतरेल."