शालनचा पेरू

माझं पुस्तक छापून आलं त्या सोमवारी सकाळी माझी धाकटी बहीण शालन दारात येऊन उभी राहिली. ती सात वर्षांची होती. साठ वर्षांपूर्वी तापाने गेली तेव्हाही सातच वर्षांची होती. चपला तिने नीट जोडून ठेवल्या, ते मला खटकलं.

"ताई, मी आले," ती म्हणाली.

खरी शालन मला 'बाये' म्हणायची आणि चपला भिरकावून द्यायची. पण पुस्तकात मी तिच्या तोंडी छापील मराठी घातली होती. मुलांसाठी आठवणी लिहिताय, जरा गोड करा, असं संपादकबाई म्हणाल्या आणि मीही हातचं राखलं नाही. पान बेचाळीसवर तिचा ताप उतरवला. बाबा सावंतवाडीला लाकडी फळं रंगवायचे. त्यांच्या पेरूंवर पोपट यायचे, असंही ठोकून दिलं. शालन प्रत्येक फळ चावून बघायची आणि बाबांचा मार खायची. पुस्तकात ती नुसता वास घेते.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईने खाटेवरून तिच्याकडे पाहिलं.

"ह्यां चेडू कोणाचां गो?"

आईनेही ही मुलगी आपली म्हणून ओळखली नाही, मला बरं वाटलं. मी कपाटातून शालनने चावलेला लाकडी पेरू काढला. त्यावर चार दात उमटलेले, मध्ये पडलेल्या दाताची फट. साठ वर्षं मी त्यावरून अंगठा फिरवत आले आहे. तिची एवढीच वस्तू माझ्याकडे आहे.

मंगळवारी त्यावर तीन दात होते. बुधवारी दोन.

शालन दुपारी आईला पुस्तक वाचून दाखवायची, न अडखळता. शेवटच्या पानानंतर काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी तिला एकदा पोटाशी धरलं. तिला कोऱ्या पुस्तकाचा वास येत होता.

गुरुवारी मी आईला पेरू दाखवला. "शालन चावायची, आठवतं ना?"

"माझां चेडू कधी चावलां नाय," आई म्हणाली. "शहाणां होतां तां." आणि तिने शालनला जवळ घेतलं.

पेरूवर एकच दात उरला होता. मी शालनला स्वयंपाकघरात नेलं.

"चाव."

"मी चावत नाही, ताई. मी वास घेते." तिने डोळे मिटून वास घेतला.

मला माझी शालन हवी होती. हावरट, शेंबडी, "खरो आसा काय बघतंय" म्हणत दात रोवणारी. मी ओरडले, मग हात जोडले. ती हसली, पान एकतीसवर हसते तशी. शेवटचा दात माझ्या अंगठ्याखाली बुजत चालला होता.

तो पुरता बुजायच्या आत मीच त्या जागी जोर लावून चावले.

पेरू पिकलेला होता, आतून गुलाबी. खिडकीच्या गजावर पोपट येऊन बसला. शालन वास घ्यायला हात पुढे करून उभी होती, आणि माझ्या हातातल्या फळावर माझ्या कवळीचा घाव तांबूस पडू लागला होता.