भोंग्याचं वाक्य

सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाला लागून, एक लहानशी खोली होती. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसांना तिथे पुन्हा बोलायला शिकवत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. राज्याच्या नव्या अर्थसंकल्पात ज्या ज्या गोष्टींवर काट मारली गेली, त्यांत ताईंची खोलीही होती. महिनाअखेरीस तिला कुलूप लागणार होतं. त्याआधी एक समिती येऊन ‘गरज तपासणार’ होती. सरकारी नोकरीत केस पिकलेल्या ताईंना या तपासणीचा अर्थ ठाऊक होता, तरी आशा काही सुटत नव्हती.

त्यांची सगळी भिस्त भोंग्यावर होती. भोंगा म्हणजे निवडणुकीत प्रचाराच्या जीपवर उभा राहून घोषणा देणारा माणूस. ‘हे गल्लीच्या या टोकाला ओरडले की त्या टोकाची मांजरं पळायची,’ असं त्याची बायको सांगे. निकाल लागला, त्याच्या पक्षाचं सरकार आलं, आणि पंधरा दिवसांत भोंग्याची उजवी बाजूही गेली आणि वाचाही. पक्षातलं कुणी फिरकलं नाही. फिरकायचं कशाला, पुढची निवडणूक चांगली पाच वर्षं लांब होती.

पहिले दोन महिने तो हूं की चूं करेना. ‘पाणी’ म्हणता येईना, लेकीला हाक मारता येईना. मग एकदा ताईंनी त्याच्या डाव्या हातावर ठेका देत प्रचारातलीच घोषणा सुरू केली, ‘आज काटकसर’, आणि भोंग्याच्या तोंडून धाडकन निघालं, ‘उद्या भरभराट!’ बायको तिथेच रडायला लागली. या आजारात बोलणं हरवतं, पण चालीवर घोकलेलं कुठेतरी तग धरून राहतं. ताईंनी तोच धागा पकडला आणि त्याच ठेक्यावर नवं वाक्य बसवलं, ‘खोली राहू द्या, आम्हाला बोलू द्या.’ पाच आठवडे घटवून घेतलं. शेवटच्या आठवड्यात तो एकदाही चुकला नाही.

समिती आली त्या सकाळी फाटकाबाहेर परिचारिका, सफाई कामगार आणि रुग्णांचे नातेवाईक जमले होते. ‘कपात मागे घ्या’ अशा आरोळ्यांनी खिडकीची तावदानं थरथरत होती. त्या गर्दीतून वाट काढून आलेले समितीचे साहेब घाम पुसत आत शिरले. मागोमाग मोबाइल सरसावून त्यांचा कारकून. साहेबांनी बसायच्या आधी घड्याळ पाहिलं.

ताईंनी भोंग्याचा हात हातात घेतला, तर तो गारठलेला. बाहेर आरोळी उठली की त्याची मान तिकडे वळे आणि जुन्या सवयीने ओठ हलत. ताईंनी ठेका दिला. भोंगा नुसता बघत राहिला. त्यांनी पुन्हा दिला. बायकोने पदराचं टोक मुठीत आवळलं. साहेब खुर्चीत चुळबुळले. ताईंनी तिसऱ्यांदा ठेका दिला.

“आज काटकसर,” भोंगा खणखणीत आवाजात म्हणाला, “उद्या भरभराट!”

साहेबांचा चेहरा असा खुलला की विचारता सोय नाही. कारकुनाने ‘अजून एकदा’ म्हटलं. भोंग्याला थांबायचं होतं, हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं, पण गाडी एकदा उताराला लागली होती. तो तीनदा तेच म्हणाला, आणि तिन्ही वेळा कारकुनाने टिपून घेतलं.

“अहो, हे तर ठणठणीत बोलतात,” साहेब म्हणाले. “रुग्ण बरा झालाय. म्हणजे खोलीचं काम संपलं की.”

ताई जीव तोडून सांगू लागल्या. हे बोलणं नव्हे, साहेब, हे नुसतं पाठांतर आहे, या माणसाला अजून तहान लागली तरी सांगता येत नाही. साहेब मान डोलावत राहिले आणि डोलावता डोलावताच त्यांनी कागदावर सही केली. समिती उठून गेली. ताईंना असा संताप आला, की टेबलावरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी भिंतीवर भिरकावला.

मग मागून आवाज आला. ठेका नाही, चाल नाही, जड जिभेने कसाबसा ओढून काढलेला.

“ताई... चुकलो.”

तीन महिन्यांत भोंग्याचे स्वतःचे असे हे पहिले शब्द होते, आणि ते ऐकायला समिती नव्हती. बायको तोंडावर हात ठेवून उभी राहिली. ताई त्याच्यासमोर खाली बसल्या.

“तुम्ही नाही हो चुकलात,” त्या म्हणाल्या. “ती चाल निवडली मी. चूक माझी आहे.”

भोंगा मान हलवत होता, रडत होता. महिना संपायला अकरा दिवस उरले होते. ताईंनी डोळे पुसले, दार लावून घेतलं, आणि टेबलावरचा पेला पाण्याने भरून त्याच्यापुढे धरला. या वेळी त्यांनी ठेका दिला नाही.

“काय आहे हे?” त्यांनी विचारलं, आणि थांबल्या.